अंगुस्तानातली वीज

समुद्राच्या तळाशी दोन मैल खोल पडलेली तार बिघडली, तर ती नेमकी कुठे बिघडली हे किनाऱ्यावरच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या माणसाला कसे कळत असेल? तार तर डोळ्यांना दिसत नाही. पाणबुड्या तिथवर पोचत नाही. आणि हजार मैलांची तार ओढून वर काढायची म्हटली, तर तिच्या किमतीहून खर्च जास्त. तरीही तो माणूस कागदावर चार आकडे मांडतो, जहाजाच्या कप्तानाला अक्षांश-रेखांश देतो, आणि कप्तान तिथे गळ टाकतो. हे कसे घडते याचा शोध घेता घेता मी दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे गेलो.

इतिहास म्हटला की आपल्याला राजे आठवतात, लढाया आठवतात. फार तर शोध लावणारे शास्त्रज्ञ. बिघाड शोधणाऱ्यांचा इतिहास कोणी शिकवत नाही. मी शाळामास्तर, वर्षानुवर्षे इतिहासाचा तास घेतो, पण क्रमिक पुस्तकात या मंडळींना अर्धी ओळ मिळालेली मला आठवत नाही. पदवीची शेपटी माझ्या नावाला नाही, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. तेव्हा गणिताचे अवघड डोंगर चढण्याची भीती वाचकांनी बाळगू नये. मलाच ते चढता येत नाहीत.

आरंभ एका फजितीपासून करू. ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंडचे व्हॅलेन्शिया बेट आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पोचली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांना संदेश पाठवला. शब्द ९८, आणि तो पलीकडे पोचायला लागले सुमारे १६ तास! तरी न्यूयॉर्कमध्ये तोफा झाल्या, दारूकाम झाले, आणि त्या दारूकामाने तिथल्या नगरभवनाच्या छपरालाच आग लागली. आणि तार? ती महिनाभरसुद्धा जगली नाही. आधीच क्षीण झालेल्या तारेत व्हाइटहाउस नावाच्या डॉक्टर-विद्युत्तज्ज्ञाने सुमारे दोन हजार व्होल्टचे तडाखे दिले. रोग्याला ऐकू येत नाही म्हणून त्याच्या कानात ओरडावे, तसा हा उपचार. सप्टेंबर उजाडला आणि तार मुकी झाली. लोक म्हणू लागले, तार पोचलीच नव्हती, सगळे थोतांड होते.

क्रॉमवेल व्हार्ली नावाच्या अभियंत्याला तपासायला पाठवले. त्याने व्हॅलेन्शियात बसून तारेचा अवरोध मोजला आणि सांगितले की, मोठा बिघाड इथून २४५ ते ३०० मैलांच्या दरम्यान आहे. पंचावन्न मैलांचे अंतर! आज हसू येईल. पण वाचकहो, त्या काळी लोक देव, दैव आणि कंत्राटदार यांच्याकडे बोट दाखवत होते, आणि हा माणूस आकड्याकडे दाखवत होता.

पुढच्याच वर्षी आपल्याकडचा नंबर लागला. सुएझहून तांबड्या समुद्रातून एडनला आणि तिथून कराचीला अशी तार १८५९-६० साली टाकली. हिंदुस्थानची बातमी विलायतेला मिनिटांत जाईल, अशी आशा होती. या तारेवरून एका टोकाचा संदेश दुसऱ्या टोकापर्यंत सलग कधी गेलाच नाही. ब्रिटिश सरकारने कंपनीला ५० वर्षांच्या परताव्याची हमी देऊन ठेवली होती. तार मेली, हमी जिवंत राहिली. या दोन अपयशांनंतर चौकशी समिती बसली, आणि तारेच्या धंद्यातल्या लोकांना एक गोष्ट उमगली: जे मोजता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही. पण मोजायचे कशात? अवरोधाला सर्वमान्य एकक नव्हते. १८६१ मध्ये लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन तार-अभियंत्यांनी विजेच्या एककांना ओहम, व्होल्टा अशा शास्त्रज्ञांच्या नावांवरून नावे द्यावीत, असे सुचवले. विज्ञानाच्या पुस्तकात मुले ज्या ‘ओहम’ला शिव्या देत पाठ करतात, त्याच्या बारशाच्या वेळी समुद्रात बुडालेला पैसा पाहुणा म्हणून हजर होता, असे मी वर्गात सांगतो.

आता मूळ युक्ती. दिवाळीच्या दिव्यांची जुनी माळ आठवा. एक दिवा गेला की सारी माळ अंधारात. वडीलधारी मंडळी ती अर्ध्यावर धरून तपासत, मग त्या अर्ध्याचे अर्धे. जमिनीवरच्या तारेला हेच करायचे तर गावोगाव हिंडावे लागेल. तारखात्यातल्या लोकांनी वेगळी तोड काढली. समजा, दोन गावांमध्ये दहा मैलांच्या दोन तारा आहेत. एक धड आहे. दुसरीचे वेष्टण कुठेतरी फाटून तिची वीज जमिनीत मुरते आहे. पलीकडच्या गावच्या तारमास्तराला एवढेच सांगायचे की, दोन्ही तारांची टोके एकमेकांना जोड. झाला वीस मैलांचा एक फेरा, आणि त्याची दोन्ही टोके आपल्याच टेबलावर! मग व्हीटस्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्युत्-तराजूत हा फेरा घालायचा आणि काटा स्थिर होईपर्यंत तोलायचा. तराजूने सांगितले की बिघाडापर्यंतचा भाग संपूर्ण फेऱ्याच्या दहा हिश्श्यांपैकी तीन हिस्से आहे, तर वीस मैलांचे तीन दशांश म्हणजे सहा मैल. सहाव्या मैलाच्या खांबाकडे माणूस पाठवा. ही मरेची लूप-चाचणी. व्हार्लीने तिच्यात सुधारणा केली. तिला त्याचे नाव मिळाले. तांब्याच्या टेलिफोन-तारा जिथे जिथे राहिल्या, तिथे या दोघांची नावे पुढच्या शतकातही तंत्रज्ञांच्या तोंडी राहिली.

इथे एक अडचण होती. या चाचणीला एक धड तार लागते. अटलांटिकच्या तळाशी एकुलती एक तार. तिला जोडीदार कुठून आणायचा? तो जोडीदार कसा मिळाला, ती गोष्ट या साऱ्या इतिहासात मला सर्वांत आवडते. ती जरा सावकाश सांगतो.

१८६५ च्या जुलैत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज नवी तार घेऊन निघाले. जहाजावर विल्यम टॉमसन हे थोर शास्त्रज्ञ होते, व्हार्ली होता, आणि अटलांटिक तारेच्या ध्यासाने झपाटलेला अमेरिकन व्यापारी सायरस फील्डही होता. तार समुद्रात सोडत जायची आणि ती धड आहे की नाही हे सतत तपासत राहायचे, अशी व्यवस्था. २४ जुलैला मापकाने धोक्याची खूण दिली. दहा मैलांवर तार उलटी ओढून पाहिली, तर दोनेक इंच लांबीचा लोखंडी तारेचा तुकडा वेष्टणातून आरपार घुसलेला. २९ जुलैला पुन्हा तोच प्रकार. आणि गंमत—गंमत कसली, दुर्दैव—असे की दोन्ही वेळा तारेच्या टाकीत पाळीवर होती तीच मजुरांची टोळी.

झाले. कुणीतरी पैसे चारून घातपात करवला, असा संशय साऱ्या जहाजावर पसरला. तुकडा मुद्दाम खुपसल्यासारखा सरळ होता. मजुरांना टाकीवरून हटवले, आणि सभ्य गृहस्थांनी पाळ्या वाटून घेऊन टाकीत पहारा सुरू केला. मध्यसमुद्रात, स्वतःची बाजू मांडायला वकील नाही, साक्षीदार नाही, अशा स्थितीत त्या मजुरांना काय वाटले असेल ते कोणत्याही अहवालात मी वाचलेले नाही. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला अशा जागा दिसतात आणि तिथे थांबावेसे वाटते.

२ ऑगस्टला तिसरा बिघाड झाला. त्या वेळी टाकीत पहाऱ्यावर होता खुद्द सायरस फील्ड! तार सुटताना खरखर ऐकू आली, आणि मापकाने पुन्हा खूण दिली. मग टाकीतली पुढची वेटोळी तपासली. तारेच्या संरक्षणासाठी बाहेरून गुंडाळलेल्या लोखंडी तारांपैकी एक ठिसूळ तार तुटून तिचे टोक वर आलेले आढळले. वरच्या वेटोळ्यांच्या ओझ्याखाली तेच टोक शेजारच्या तारेत घुसत होते. चोर बाहेरचा नव्हताच. कवचच अंगात रुतत होते. मापकाने तिन्ही वेळा बिघाडाची जागा दाखवली होती. गुन्हेगार कोण, हे त्याने एकदाही सांगितले नव्हते. ते माणसांनी आपल्या मनाने ठरवले होते. त्याच दिवशी बिघाडलेला भाग वर ओढताना तार तुटली आणि समुद्रात गेली.

पुढच्या वर्षी, २७ जुलै १८६६ रोजी, दुसरी तार सुखरूप पोचली. मग ‘ग्रेट ईस्टर्न’ परत फिरले आणि गेल्या वर्षीची हरवलेली तार गळाने शोधू लागले. दोन मैल खोल पाण्यात बोटभर जाडीची तार! तीस वेळा तरी गळ टाकले असतील. सप्टेंबरच्या आरंभी ती हाती लागली. तिकडे व्हॅलेन्शियाच्या खोलीत त्या मेलेल्या तारेच्या टोकाशी माणूस बसवून ठेवलेला होता. टॉमसनच्या यंत्रात चिमुकला आरसा असे. तारेत वीज आली की आरसा वळे आणि भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका सरके. वर्षभर ज्या ठिपक्याने एकही खरा संदेश दिला नव्हता, तो एकाएकी बोलू लागला. उरलेली तार जोडून जहाज न्यूफाउंडलंडला गेले. आता अटलांटिकच्या तळाशी तार एक नव्हती, दोन होत्या.

लॅटिमर क्लार्क—तोच ओहमच्या बारशाचा—त्या वेळी व्हॅलेन्शियात तपासणीसाठी आला होता. १२ सप्टेंबरच्या सुमारास त्याने न्यूफाउंडलंडला कळवले की, दोन्ही तारांची टोके एकमेकांना जोडा. सुमारे ३,७०० मैलांचा फेरा तयार झाला: एका तारेने जायचे, दुसरीने परत यायचे. मग त्याने नाइट ऑफ केरी या स्थानिक सरदाराच्या मुलीकडून शिवताना बोटात घालायचे चांदीचे अंगुस्तान मागून घेतले. त्यात थोडे आम्ल ओतले, जस्ताचा कणभर तुकडा घातला. एवढीच त्याची विद्युत्-घटमाला. ती वीज महासागर ओलांडून गेली, पुन्हा ओलांडून आली, आणि सेकंदाहून थोड्या अधिक वेळात त्याच खोलीतला प्रकाशाचा ठिपका वीतभराहून जास्त सरकला. आठ वर्षांपूर्वी जिथे दोन हजार व्होल्टनी तार मारली होती, तिथे अंगुस्तानभर वीज दोनदा सागर पार करून आली.

यात चमत्काराइतकीच महत्त्वाची एक गोष्ट आहे. क्लार्कला पलीकडच्या माणसाची साक्ष काढावी लागली नाही. ‘तुला मिळाले का रे?’ असे विचारायचे, तर तो प्रश्न त्याच संशयास्पद तारेवरून जाणार आणि उत्तरही तिच्यावरूनच येणार. त्याऐवजी आपण पाठवले तेच परत आपल्या हाती आले. पूर्वी टपालात जोडकार्ड मिळे—एक पाठवायचे, दुसरे उत्तरासाठी जोडलेले. हे त्याच्याही पुढचे: पत्र तिकडे उघडायचेच नाही, आल्या पावली परत पाठवायचे, आणि आपण आपलेच अक्षर तपासून पाहायचे की वाटेत एखादी वेलांटी पुसली गेली काय. आजच्या प्रकाशतंतूंच्या जाळ्यात ज्याला ‘लूपबॅक’ म्हणतात ते हेच.

तांब्याकडून काचेकडे जग कसे गेले ते थोडक्यात सांगतो. १९६६ साली चार्ल्स काओ आणि हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध केली, तर केसाएवढ्या तंतूतून प्रकाशाने संदेश दूरवर नेता येईल. त्यांची अट विनम्र होती: किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा प्रकाश उरला तरी पुरे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती अट पुरी केली. आजच्या तंतूत किलोमीटरला शंभरातले पंचाण्णव हिस्से शिल्लक राहतात. आपल्या देशातली स्थानिक टेलिफोन केंद्रे जोडणारी पहिली प्रकाशतंतू-वाहिनी १९७९ साली पुण्यात सुरू झाली, हे पुणेकरांनी अजून पुरेसे मिरवलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. काओंना नोबेल मिळाले २००९ मध्ये.

काच आली, बिघाड संपले नाहीत. लूपबॅकची रीत मी माझ्या वर्गात अशी दाखवतो. दहा मुले ओळीने बसवतो. पहिला कानात एक वाक्य सांगतो, ते पुढे पुढे जाते, आणि दहाव्याकडे त्याचा पार चुथडा होऊन पोचते. गुन्हेगार कोण? सगळे शेवटच्याकडे बोट दाखवतात. मग मी सांगतो: आता तिसऱ्यानेच वाक्य परत फिरवायचे. परत आले ते शुद्ध. पाचव्याने फिरवले, शुद्ध. सातव्याने फिरवले आणि ‘आंब्याच्या’ जागी ‘तांब्याच्या’ आले. म्हणजे लबाडी पाच आणि सात यांच्या मधे. दहावा बिचारा निर्दोष सुटतो, आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

जाळ्यात वाक्याऐवजी एक आणि शून्य यांची लांबलचक, वरवर विस्कळित पण आधी ठरलेली मालिका पाठवतात. एका तंतूने जाते, दुसऱ्याने येते. यंत्र गेलेले आणि आलेले ताडून चुका मोजते. फेरा कुठल्या ठाण्यावर फिरवायचा, ते दूर बसून हुकूम देऊन ठरवता येते, किंवा हाताने तंतूचा आखूड तुकडा लावूनही. पथ्ये दोन. लांब पल्ल्याचा दिवा जवळच्याच ग्रहणयंत्रात सरळ घातला, तर त्या प्रखर झोताने यंत्राचा डोळा जाऊ शकतो. म्हणून मधे प्रकाश मंद करणारा अडसर बसवावा लागतो. आणि काम संपल्यावर फेरा सोडवावा लागतो. नाहीतर सगळी खरी वाहतूकही आल्या पावली परत जाऊ लागते.

आमच्या शाळेला असा दोन तंतूंचा जोड मिळाला होता. मुलांच्या परीक्षेचे अर्ज भरायची मुदत संपत आली, आणि जोड बंद. केंद्रातले म्हणत, आमच्याकडे सगळे ठीक. दोष शाळेच्या यंत्रात. आमचे मुख्याध्यापक म्हणत, शाळेचे यंत्र नवे, दोष केंद्रात. चार दिवस फोनवर हाच संवाद. पाचव्या दिवशी एक पोरसवदा तंत्रज्ञ मोटारसायकलवरून आला. त्याने खिशातून पिवळ्या तंतूचे एक वेटोळे काढले. रस्त्यावरच्या पेटीत दोन्ही तंतूंच्या टोकांना लावले आणि फोनवर विचारले, “दादा, परत येतंय का?” तिकडून उत्तर आले, “येतंय की.” मग तो शाळेच्या आत आला आणि तेच वेटोळे भिंतीवरच्या पेटीत लावले. “आता?” “आता नाय.” रस्ता आणि भिंत यांच्यामध्ये होती शाळेची नवी कमान. गवंड्याने तिच्या पायासाठी खणताना तंतूची नळी चेपली होती. केंद्र निर्दोष, शाळेचे यंत्र निर्दोष. अर्ज मुदतीच्या आदल्या रात्री गेले.

फेऱ्याने हद्द कळते. मीटर कळत नाही. त्यासाठी दुसरे यंत्र १९७० च्या दशकात आले. ते तंतूत प्रकाशाचा एक ठोका सोडते आणि काचेतून मागे विखुरणारा मंद प्रकाश ऐकत बसते—विहिरीत हाक मारून पाणी किती खोल ते ओळखावे तसे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. एक किलोमीटरवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा एक लाखावा हिस्सा पुरतो. पण नवख्याने यंत्राचा आकडा घेऊन रस्ता मोजला आणि खणले, तर खड्डा रिकामा निघतो. कारण जागोजागी पुढच्या दुरुस्तीसाठी तंतूची वेटोळी राखून ठेवलेली असतात. काचेची लांबी रस्त्याच्या लांबीहून जास्त भरते. कुठल्या खड्ड्यात किती वेटोळे आहे, हे ज्याच्या वहीत असेल तोच खरा जाणता.

समुद्राखाली दर पन्नास ते शंभर किलोमीटरवर प्रकाश वाढवणारे यंत्र असते. त्यातून प्रकाश एकाच दिशेने जातो. प्रतिध्वनी आल्या वाटेने परत येऊ शकत नाही. म्हणून तारेतल्या प्रत्येक यंत्रात जाणाऱ्या तंतूतून येणाऱ्या तंतूत एक अगदी बारीक वाट ठेवतात. किनाऱ्यावरून खूण पाठवली की पहिल्या यंत्राचा क्षीण होकार येतो, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. जिथून होकार यायचे थांबतात, त्या आधी तार तुटलेली. क्लार्कचा फेरा आता दर पडावावर बांधलेला आहे.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन प्रकाशतारा तुटल्या, आणि दोन दिवसांनी दुबई-ओमानच्या दरम्यान तिसरी. तिन्हींची टोके मुंबईला येतात. हिंदुस्थानच्या परदेशी संपर्काचा मोठा हिस्सा एका फटक्यात गेला. त्याही वेळी घातपाताच्या अफवा जगभर उठल्या. दुरुस्तीचे जहाज तिसऱ्या तारेच्या तुटल्या जागी गेले, तेव्हा तिथे पाच-सहा टनांचा बेवारस नांगर पडलेला सापडला.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात, जिथे १८६० ची तार मुकीच मेली होती त्याच पाण्यात, ‘रुबीमार’ नावाच्या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडले. खलाशी जहाज सोडून गेले. ते सोडलेला नांगर ओढत भरकटत राहिले, आणि बहुधा त्याच नांगराने तळाच्या तीन तारा कापल्या. तारा कुठे कापल्या, हे किनाऱ्यावरच्या यंत्रांवरून लवकरच कळले. पण भोवती युद्ध होते, परवानग्या अडल्या होत्या. दुरुस्तीची जहाजे तिथे जाऊन गळ टाकीपर्यंत महिने उलटले.